टीएमबी करायचाय? मग हे प्रश्न तुम्हालाही पडले असणारच

आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर हल्ली दर वर्षी दिवाळीच्या सुमारास कोणीतरी टीएमबीचं, म्हणजे आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगराभोवतीच्या ट्रेकचं, नाव काढतं, मग तेच तेच प्रश्न सुरू होतात, व्हिसा कुठला, जेवायचं काय, गुडघे टिकतील का. तर हे सगळं एकदाच लिहून ठेवतेय. ज्यांना युरोपात बसमधून उतरून फोटो काढायचेत त्यांच्यासाठी हे नाही, ज्यांना दहा दिवस पाठीवर सॅक टाकून चालायचंय त्यांच्यासाठी आहे.

टीएमबी म्हणजे नक्की काय? माँ ब्लाँ शिखर चढायचं असतं का?

नाही हो, चढायचं नसतं, त्याला प्रदक्षिणा घालायची असते. पूर्ण नाव तूर द्यु माँ ब्लाँ. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड असे तीन देश फिरून परत निघालो तिथेच यायचं, अंतर साधारण १७० किलोमीटर आणि एकूण चढ जवळपास १०,००० मीटर. शिखर ४,८०० मीटरच्या वर आहे, तिथे बर्फ, दोर, क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे काटे), गाइड असा सगळा वेगळा मामला असतो. आपली वाट पायवाटेची, दोर लागत नाही. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर १७६७ मध्ये या डोंगराला असा वळसा घालून आला होता, शिखर कोण सर करतंय म्हणून त्याने बक्षीसही लावलं होतं, आणि ते शिखर सर झालं १७८६ मध्ये. म्हणजे शिखरावर माणूस पोचायच्या आधीची ही प्रदक्षिणा आहे.

किती दिवस लागतात?

दहा-अकरा दिवस धरा. सात दिवसांत करणारे असतात, ऑगस्टच्या शेवटी इथे यूटीएमबी नावाची रेस असते (२००३ पासून सुरू आहे) त्यात पहिले येणारे तर साधारण वीस तासांत पळून मोकळे होतात. पण तुम्ही सुट्टी काढून, एवढे पैसे घालून जाताय तर पळायचं कशाला? माझं स्पष्ट मत, दिवस कमी असतील तर अर्धाच करा पण निवांत करा. सात दिवसांत उरकलेल्या लोकांना विचारलं तर त्यांना पायाचे फोड आठवतात आणि पुढचा मुक्काम गाठायची घाई आठवते.

सह्याद्रीत ट्रेक केलेत, तेवढं पुरेल का?

पुरेल, पण एक फरक समजून घ्या. आपण रविवारी हरिश्चंद्रगड करतो आणि सोमवारी ऑफिसात खुर्चीवर बसून पाय सरळ करतो. इथे रोज सरासरी हजारेक मीटर चढ आणि तेवढाच उतार, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी परत तेच. एखादा दिवस कोणीही मारून नेतं, खरी परीक्षा चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी जिना उतरताना होते.

म्हणून तयारी करायची तर लागोपाठच्या दिवसांची करा. शनिवारी सिंहगड, रविवारी परत सिंहगड, दोन्ही वेळा पाठीवर सात-आठ किलो घेऊन, आणि उतरताना पळत उतरायचं नाही. टीएमबीत दमछाक चढात होते पण नुकसान उतारात होतं. शेवटच्या दिवशी ब्रेव्हाँ शिखरावरून लेझूश गावाला उतरताना तर एका दमात जवळपास १,५०० मीटर खाली यावं लागतं, तिथे भल्याभल्यांचे गुडघे बोलायला लागतात. दोन ट्रेकिंग पोल घ्याच, आपल्याकडे काठी घेणं म्हातारपणाचं लक्षण समजतात तो समज घरी ठेवून या.

कठीण कातळ, एक्स्पोजर (बाजूला खोल दरी) वगैरे म्हणाल तर आपले अलंग-मदन-कुलंगसारखे अवघड किल्ले करणारे इथे हसतील. त्रे-ल-शाँच्या पुढे एका टप्प्यावर लोखंडी शिड्या आहेत, त्यांचं गूगलवर फार भय घातलंय, पण शिड्या पक्क्या आहेत, धरायला कठडे आहेत, आणि नकोच असतील तर कोल दे माँते (कोल म्हणजे खिंड) इथून वळसा घालून जाणारी वाट आहे.

उंचीचा त्रास होतो का?

सहसा नाही. सगळ्यात उंच खिंड २,६६५ मीटर, तीसुद्धा पर्यायी वाटेवर. झोपायचं बहुतेक वेळा २,००० च्या आसपास किंवा त्याखाली. हिमालयात केदारकंठा वगैरे करून आलेल्यांना हे काहीच वाटणार नाही.

कुठल्या महिन्यात जावं?

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रेफ्यूज, म्हणजे डोंगरातली मुक्कामाची घरं, उघडी असतात. तेवढाच सीझन. जूनमध्ये खिंडींत जुना बर्फ असतो, बोंओमच्या खिंडीत तर हमखास, आणि ज्यांनी बर्फावर कधी पाय ठेवला नाही त्यांनी जून टाळावा. जुलै-ऑगस्टमध्ये फुलं, लांबच लांब दिवस (जुलैत रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड) आणि गर्दी. दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून सकाळी लवकर निघून दोन-तीनपर्यंत मुक्कामाला पोचायची पद्धत आहे, ती पाळा, खिंडीत वीज कडाडताना लोखंडी टोकाचे पोल हातात धरून उभं राहण्यात काही शौर्य नाही.

माझ्या मते सप्टेंबरचा पहिला आठवडा सगळ्यात चांगला. गर्दी ओसरते, हवा स्वच्छ होते, सकाळी थंडी पडते पण चालायला मजा येते. फक्त रेसच्या आठवड्यात शामोनीत, म्हणजे फ्रेंच बाजूच्या मोठ्या गावात, खोली मिळत नाही आणि मिळाली तर भाव ऐकून घरी परतावंसं वाटतं.

सुरुवात कुठून करायची आणि कुठल्या बाजूने फिरायचं?

परंपरेने लेझूश या गावातून, घड्याळाच्या उलट्या दिशेने. लेझूश शामोनीच्या शेजारीच आहे, लोकल बस जाते. जिनिव्हा एअरपोर्टवरून शामोनी साधारण दीड तास, शेअर शटल मिळतात. झुरिकला उतरलात तर ट्रेनने मार्टिन्यीपर्यंत आणि तिथून डोंगरातल्या छोट्या गाडीने शामोनी, वेळ जास्त जातो पण तो प्रवास सुंदर आहे.

प्रदक्षिणा उजवीकडून घालायची सवय आपल्याला, इथे उलटी घालतात, आजीला सांगू नका. उलट्या दिशेचा फायदा असा की सगळा जत्था तुमच्याबरोबर एकाच दिशेने जातो आणि शेवटचे दोन दिवस समोर माँ ब्लाँची अख्खी भिंत असते. काही जण कुरमायोर (इटली) किंवा शाँपे (स्वित्झर्लंड) इथून सुरू करतात, लेझूशच्या बाजूला बुकिंग मिळालं नाही तर हा चांगला उपाय आहे.

सगळ्यात भारी टप्पा कुठला?

यावर भांडणं होतात. तीन देशांच्या मधे तीन खिंडी आहेत, कोल द ला सेन्य (२,५१६ मीटर) ओलांडलं की फ्रान्स संपून इटली, ग्राँ कोल फेरे (२,५३७) ओलांडलं की स्वित्झर्लंड, आणि कोल द बाल्म (२,१९१) वर परत फ्रान्स. चौकी नाही, पोलीस नाही, एक दगड आणि एक पाटी. सेन्यच्या खिंडीत पोचलात की आतापर्यंत डोंगराच्या मागे लपलेली माँ ब्लाँची इटालियन बाजू एकदम समोर येते, ती फ्रेंच बाजूसारखी गोल गुळगुळीत पांढरी नाही, काळीकभिन्न, कातळाची, उभी.

पण मला विचाराल तर रिफूजिओ बेर्तोने ते रिफूजिओ बोनाती (रेफ्यूजलाच इटलीत रिफूजिओ म्हणतात). कुरमायोरवरून बेर्तोनेपर्यंत घाम काढणारा सरळ चढ आहे, तो संपला की पुढे कितीतरी तास जवळपास सपाट वाट, डाव्या हाताला दरी आणि दरीपलीकडे ग्राँद जोरासची भिंत, ४,२०८ मीटर, इतकी जवळ की हिमनदीतल्या भेगा मोजाव्यात. लोक इथे दर पाच मिनिटांनी थांबतात. बोनातीच्या बाहेर बाकड्यांवर बसून संध्याकाळी ती भिंत गुलाबी होताना बघायची, त्यासाठी तरी तिथला मुक्काम मिळवायचा प्रयत्न करा.

शेवटाकडे लाक ब्लाँ हे तळं मुख्य वाटेपासून थोडं वर आहे, बरेच जण थकून सोडून देतात. सोडू नका. सकाळी लवकर वारा नसताना पाण्यात समोरची सगळी सुळक्यांची रांग उलटी दिसते. स्वित्झर्लंडमधले ला फुली ते शाँपे मात्र खरं सांगायचं तर साधंच आहे, लाकडी घरं, गवत, गाई, गाव. पाय दुखत असतील तर तिथे बस पकडा, काही बिघडत नाही.

बुकिंग किती आधी करावं लागतं?

इथेच बहुतेकांचा ट्रेक होतो किंवा फसतो. चालणं सोपं, बुकिंग अवघड. पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग आदल्या हिवाळ्यात उघडतं आणि जुलै-ऑगस्टच्या नावाजलेल्या जागा पटापट जातात. बऱ्याच रेफ्यूजचं एकत्र बुकिंग टीएमबीच्या वेबसाइटवर होतं, पण काहींची वेगळी साइट, काहींना ईमेल. म्हणून एक्सेल शीट करा, एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला प्रत्येक रात्रीचे दोन-दोन पर्याय, आणि ज्या भागात पर्याय कमी आहेत त्या रात्री आधी पकडा, म्हणजे एलिसाबेता, बोनाती आणि बोंओमच्या बाजूच्या. शामोनी, कुरमायोर, शाँपे अशा गावांत हॉटेलं असतात, ते मागाहून झालं तरी चालतं.

ग्रुप मोठा असेल तर विसरा. चार जणांना जागा मिळते, बारा जणांना एका ठिकाणी मिळणं नशिबाचा भाग. आणि जायचं रद्द झालं तर कळवा, डोंगरात तुम्ही जेवणाला पोचला नाहीत तर त्यांना वाटतं माणूस कुठे पडलाय.

रेफ्यूजमध्ये राहणं कसं असतं?

बंक बेडची डॉर्मिटरी, बायका-पुरुष एकत्र, उशी-ब्लँकेट मिळतं पण आपलं स्लीपिंग लायनर (आत शिरून झोपायची पातळ चादरीची पिशवी) सक्तीचं. बूट दारातच काढायचे आणि तिथल्या रबरी चपला घालायच्या, हे आपल्याला शिकवायला नको. जेवण साडेसहा-सातला, सगळे एकत्र लांब टेबलांवर, उशीर केला तर सूप गेलं. दहाला दिवे बंद. काही ठिकाणी गरम पाणी टोकनवर, काही मिनिटांचंच, त्यामुळे आधी साबण लावून मग टोकन टाका. चार्जिंग पॉइंट पाच आणि माणसं पन्नास, पॉवर बँक घ्या. इअरप्लगही घ्या, घोरण्याला तिन्ही देशांत भाषा लागत नाही.

टेंट लावून स्वस्तात होईल का?

होईल, पण जिथे मनात येईल तिथे नाही. फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी लावून सकाळी काढायचा टेंट चालतो, पण राखीव क्षेत्रांत नेमून दिलेल्या जागीच. इटलीच्या आओस्ता भागात २,५०० मीटरच्या वरच परवानगी, आणि तेवढ्या उंचीवर या वाटेवर टेंट लावायला फार जागा नाहीत. स्वित्झर्लंडच्या टप्प्यात कॅम्पसाइटवरच लावा. कॅम्पसाइट बऱ्यापैकी आहेत, ले काँतामिन, ला फुली, शाँपे, त्रियाँजवळ. फक्त पाठीवरचं ओझं दुप्पट होतं हे लक्षात ठेवा. गॅस कॅनिस्टर विमानात नेता येत नाही, शामोनीत विकत मिळतो.

व्हिसा तीन देशांचे तीन लागतात का?

एकच, शेंगेन. तिन्ही देश त्यातच आहेत. अर्ज ज्या देशात जास्त रात्री तिथे करायचा, रात्री मोजा, नेहमीच्या पद्धतीने आखलात तर फ्रान्सच्या जास्त भरतात. रात्री सारख्या झाल्या तर जिथून आधी प्रवेश तो देश. प्रौढांची फी ९० युरो, वर व्हिसा सेंटरचा चार्ज. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळेनाशा होतात म्हणून एप्रिलची वाट बघू नका. रेफ्यूजची बुकिंग कन्फर्मेशन सगळी प्रिंट काढून तारखेप्रमाणे लावा, वर एका पानावर कुठल्या रात्री कुठे असा तक्ता. हॉटेलऐवजी डोंगरातल्या डॉर्मिटरीची दहा नावं बघून समोरच्याला प्रश्न पडू नये एवढीच काळजी.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

उपाशी राहत नाही, कंटाळतो. बुकिंग करतानाच शाकाहारी लिहायचं, आणि पोचल्यावर परत सांगायचं. हाफ बोर्ड घेतलं की रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता आला. सूप, मग पोलेंटा किंवा पास्ता किंवा मसूर, मग चीज, मग गोड. इटलीत जेवण सगळ्यात चांगलं, याबद्दल वाद नाही. नाश्ता म्हणजे ब्रेड, जॅम, लोणी, कॉफी, पोह्यांची आठवण येणार.

कडक पाळणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्या. सूपचा स्टॉक मांसाचा असू शकतो, विचारा. आणि बोफोरसारखी तिकडची पारंपरिक चीजं प्राण्यांच्या रेनेटने (वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने) लावलेली असतात. जैन जेवण डोंगरात मिळेल ही आशा धरू नका, स्वतःची सोय ठेवा.

घरून काय न्यावं? भाजके पोहे, दाण्याची चटणी, गूळपोळी, खाकरा, लिंबाचं लोणचं पक्कं बंद करून. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, खव्याचे प्रकार आणि तुपाचा डबा राहू द्या. दाण्याची चटणी बगेतला, म्हणजे त्या लांब फ्रेंच पावाला, लावून खाल्ली की दुपारचं जेवण मस्त होतं.

खर्च किती येतो?

रेफ्यूजमध्ये हाफ बोर्डसकट एका रात्रीचे साधारण ६० ते ९० युरो धरा, स्वित्झर्लंडमध्ये सगळंच महाग. दुपारचं खाणं, कॉफी, बस वेगळं. म्हणजे विमान आणि व्हिसा सोडून दहा-अकरा दिवसांचे हजार युरोच्या आसपास जातात. वाचवायचं असेल तर दुपारी रेफ्यूजमध्ये जेवू नका, गावातल्या सुपरमार्केटमधून ब्रेड-फळं घेऊन ठेवा. रोख पैसे ठेवा, डोंगरात कार्ड मशीन रुसतं. युरो आणि थोडे स्विस फ्रँक.

बूट कसले? सॅकमध्ये काय?

सह्याद्रीत आपण ज्या साध्या रबरी गोट्यांच्या बुटांत आयुष्य काढतो ते कातळावर भारी, पण दहा दिवस थंडी-पावसात ओले राहिले की वैताग. चांगले ग्रिपवाले ट्रेल शूज किंवा घोट्यापर्यंतचे बूट, आणि निघायच्या आधी दोन-तीन महिने घालून पायाला रुळलेले. नवे बूट घालून जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी ओळखू येतो.

सॅक सात-आठ किलोच्या वर नको. दोन जोडी कपडे, रोज रात्री एक धुवायची. फ्लीस, हलकं डाऊन जॅकेट, खरा रेनकोट (छत्री आणि पाचशेचा पाँचो खिंडीतल्या वाऱ्यात टिकत नाही), टोपी, हातमोजे ऑगस्टमध्येसुद्धा. सनस्क्रीन, आपण सावळे म्हणून जळत नाही हा गैरसमज. पोल चेक-इन बॅगेत टाका. ओझं नकोच असेल तर पुढच्या मुक्कामी बॅग पोचवणाऱ्या गाड्या आहेत, पण त्या रस्ता जातो तिथेच.

गाइड लागतो का? वाट चुकते का?

नाही लागत. फ्रान्समध्ये पांढरे-लाल पट्टे, स्वित्झर्लंडमध्ये पिवळ्या पाट्या, इटलीत पिवळ्या खुणा आणि टीएमबी लिहिलेलं. पाट्यांवर बहुतेक ठिकाणी अंतर नाही, वेळ लिहिलेली असते, आणि ती वेळ तिकडच्या लोकांच्या चालीची, आपण वर पाव भाग धरायचा. ऑफलाइन मॅप फोनमध्ये ठेवा, धुक्यात उपयोगी पडतो. पाण्यासाठी गावोगावी कारंजी असतात, पिण्याचं नसेल तर पाटी असते. ओढ्याचं पाणी गाळल्याशिवाय नको, वर गाई असतात.

गाईंवरून आठवलं, मेंढ्यांच्या कळपाबरोबर मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. धावायचं नाही, दगड उचलायचा नाही, काठी उगारायची नाही, कळपाला लांबून वळसा घालून शांतपणे निघून जायचं.

काही झालं तर? इन्शुरन्स?

व्हिसासाठी ३०,००० युरोचं कव्हर लागतंच, पण पॉलिसीत ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू आहे का ते बारीक अक्षरात बघा, स्वस्त पॉलिसीत बऱ्याचदा ते वगळलेलं असतं किंवा उंचीची मर्यादा घातलेली असते. तिन्ही देशांत नंबर ११२. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर आलं की बिल येतं, मोठं.

एअर इंडियाचं विमान इथेच पडलं होतं ना?

हो, दोन पडली. ३ नोव्हेंबर १९५० ला मलबार प्रिन्सेस आणि २४ जानेवारी १९६६ ला कांचनजंगा, ज्यात डॉ. होमी भाभा होते. वाटेत स्मारक वगैरे शोधत बसू नका, जागा वर बर्फात आहे. पण शामोनीच्या डोक्यावर जी बोसाँ हिमनदी लोंबते ती हे अवशेष हळूहळू खाली आणतेय. २०१२ मध्ये भारतीय टपालाची पिशवी सापडली, २०२० मध्ये १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं, इंदिरा गांधींची पंतप्रधानपदी निवड झाल्याच्या बातमीसकट. लेझूश-शामोनी पट्ट्यातून ती हिमनदी सतत दिसत राहते आणि आपल्याकडच्या माणसाला ती नुसती हिमनदी वाटत नाही.

टीएमबी नको, दुसरं काही सुचवा.

कातळ आवडत असतील तर इटलीच्या डोलोमाइट्समधली आल्ता व्हिया १, ब्रायेसच्या तळ्यापासून बेलुनोपर्यंत साधारण १२० किलोमीटर. अंगात खूप मस्ती असेल तर कोर्सिका बेटावरची जीआर २०, तिथे हातांनी चढावं लागतं, आपल्या कातळवाल्यांना आवडेल. चढ नको पण चालायचंय असं असेल तर स्पेनचा कामिनो, फ्रान्सच्या सीमेवरून सांतियागोपर्यंत जवळपास ७८० किलोमीटर, पण शेवटचे १०० चाललात तरी प्रमाणपत्र मिळतं. आईबाबांना घेऊन जायचं असेल तर हाच. स्कॉटलंडचा वेस्ट हायलँड वे १५४ किलोमीटरचा, सुंदर, फक्त त्याला यूकेचा वेगळा व्हिसा आणि मिज नावाचे चिलटासारखे किडे झेलायची तयारी लागते.

पाच दिवसच सुट्टी आहे, किंवा मधेच सोडावं लागलं तर?

टीएमबीचं मोठं सुख हे की जवळपास दर दिवसाआड रस्ता लागतो. पाच दिवस असतील तर कुरमायोर ते शाँपे आणि मग बस-ट्रेनने शामोनीत येऊन एक दिवस लाक ब्लाँ, असं करा. मधेच पाय गेला तर कुरमायोरवरून माँ ब्लाँच्या पोटातल्या ११.६ किलोमीटरच्या बोगद्यातून बस थेट शामोनीला येते, ला फुली-शाँपेवरून बस आणि ट्रेन आहे, त्रियाँवरूनही मार्टिन्यीला बस आहे. बोगद्याच्या बसचं तिकीट ऑगस्टमध्ये आदल्या दिवशीच काढा, ऐनवेळी जागा नसते.